मत्तय अठरा आणि वरच्यांचं न्हाणीघर

प्रॉमिस बॉक्समधून बायबलच्या 'उपदेशक' या पुस्तकातलं १०:१८ हे वचन निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. ज्यांच्या घरी ही वस्तू नसते त्यांच्यासाठी सांगते. एक छोटी डबी, आत बोटभर लांबीच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधलं एकेक वचन. सकाळच्या प्रार्थनेनंतर घरातल्या प्रत्येकाने एक उचलायची आणि तिच्या आधाराने दिवस काढायचा. चिठ्ठ्या सगळ्या गोड. भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. डबी भरणाऱ्याला आपल्या सकाळची काळजी असते. उपदेशकाला नसते. दहाव्या अध्यायात तो सांगून मोकळा होतो की आळशाच्या घराचं आढं खचतं आणि हातावर हात ठेवून बसणाऱ्याचं घर गळतं. हे वाचून कोणाचा दिवस चांगला जाईल?

माझा गेला. कारण आमच्या न्हाणीघराचं छत गळतं, आणि आमचं छत म्हणजे वरच्यांची फरशी. वरच्यांच्या निष्काळजीपणाबद्दल पवित्र शास्त्रात इतकं नेमकं लिहिलेलं सापडेल असं मला वाटलं नव्हतं. मी उत्साहाने सासूबाईंना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "पण अगं, गळतंय कुणाचं घर? आपलंच ना?"

सासूबाई मूळच्या नगरच्या. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक जिथून निघालं ते नगर. तिथे मिशनच्या शाळेत त्यांनी हयातभर शिकवलं आणि शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पोरांकडून वचनं पाठ करून घेतली. त्यामुळे वचन त्या नुसतं म्हणत नाहीत, अध्याय आणि ओवीसकट म्हणतात, आणि समोरच्याने ओवीचा आकडा चुकवला तर आधी तो दुरुस्त करतात, मग त्याच्या दुःखाकडे वळतात. सरकारने गावाचं नाव अहिल्यानगर केलं तरी त्यांच्या तोंडी नगरच आहे.

गळती सुरू झाली तेव्हा मी एका मनन-पुस्तिकेत रोज लिहीत असे. प्रत्येक पानावर एक वचन, खाली चार ओळींचं विवेचन, आणि त्याखाली प्रश्न: 'हे वचन आज मी कसे आचरणात आणीन?' उत्तरासाठी तीन रेघा. पावसाळ्याआधीच्या माझ्या नोंदी भाविक आहेत. नंतरच्या नोंदींत मात्र बहुतेक वेळा 'हे वरच्यांना वाचायला द्यावे' एवढंच आहे. लोभ, आळस, कठोर अंतःकरण, बहिरे कान, कुठलंही वचन घ्या, वरच्यांना चपखल बसतं. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे एकच वचन त्यांना बसेना. त्यांच्या खालचा शेजारी मीच असल्याने तेही खरं तर बसतं, पण हे लक्षात यायला मला तीन रेघा पुरल्या नाहीत.

प्रीतीचा प्रश्न अवघड होता, म्हणून मी आधी क्षमेकडे वळले. पेत्र या शिष्याने प्रभूला विचारलं होतं, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळालं, सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा. म्हणजे ४९०. मी बादली ठेवून ठिबकणं ऐकत बसले. वरच्या काकांची आंघोळ लांबली तर हा साठा एका सकाळीच संपतो. दावीद राजाने तेविसाव्या स्तोत्रात भरून वाहणाऱ्या पात्राबद्दल देवाचे आभार मानले आहेत. त्याचं पात्र न्हाणीघरात नव्हतं.

लोक बघायला येऊ लागले. सर्वस्व गमावलेल्या इयोबाचे मित्र त्याच्या समाचाराला आले तेव्हा तोंड उघडण्याआधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते. पुढे ते वाट्टेल ते बोलले, पण ते सात दिवस त्यांच्या पदरात घालायलाच हवेत. आमच्याकडे येणारा माणूस चपला काढता काढताच सांगायचा, "नहाणी ट्रॅप गेलाय." दुसरा म्हणायचा, "छे, टाइल्सचे सांधे." तिसरा नुसता वर बघून हसायचा आणि आपल्याकडच्या गळतीची गोष्ट सुरू करायचा.

नवऱ्याचं वाचन वेगळ्या वळणाचं. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर फिलिप्पै ४:१३ आहे. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.' या सर्वकाहीत वॉटरप्रूफिंगही येतं असं ठरवून एका रविवारी उपासनेनंतर तो व्हाइट सिमेंट घेऊन स्टुलावर चढला. सोमवारी पाणी त्या जागी यायचं थांबलं आणि गीझरवर यायला लागलं.

सासूबाईंनी त्याला बारावी ओवी वाचायला लावली. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, भरपूर असणं आणि काहीच नसणं, दोन्ही मी शिकलो आहे. तो कैदेत होता. आहे त्यात राहायचं सामर्थ्य तो मागत होता, छतावर लांबी मारायचं नव्हे. पण बारावी ओवी कोणी पडद्यावर लावत नाही. यात दोष रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाचाही थोडा आहे. नव्या कराराच्या ओव्यांना आज आपण वापरतो ते आकडे त्याने १५५१ मध्ये घातले, आणि हे काम त्याने पॅरिसहून लिओंला जाताना प्रवासात केलं असं त्याचा मुलगा सांगे. घोड्यावर बसून केलं, अशी पुढे दंतकथा झाली. घोड्याचं खरं-खोटं काही असो, पुस्तकाचे असे मुठीत मावणारे तुकडे झाल्यावर माणूस हवा तो उचलणारच. मीही उपदेशकाचा उचलला होताच.

"हवं ते वेचून खाऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "यासाठी सबंध रीत दिलेली आहे. मत्तय अठरा, ओवी पंधरा ते सतरा. तिच्याप्रमाणे चाला."

रीत अशी. भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर ने. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तक्रारीची पद्धत येशूने इतक्या आधी घालून दिली आहे याचं मला नवल वाटलं. सेक्रेटरींनीही पहिला प्रश्न तोच विचारला होता, "तुम्ही त्यांना पर्सनली भेटलात का?"

भेटले. काका निवृत्त, बोलायला गोड. चहा झाला. मी दोष दाखवला. ते उठले, आपलं न्हाणीघर उघडून खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे तर कुठे काही गळत नाही हो." यात असत्य काहीच नव्हतं.

मधे नाताळ आला. पौल रोमकरांना लिहितो की तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, म्हणजे तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील. ही ओळ त्याने नीतिसूत्रांतून घेतली आहे, म्हणजे उपाय जुना आणि खात्रीचा. मी करंज्या, चकल्या आणि अनारसे असा मोठा डबा भरून वर नेला. जिना चढताना निखाऱ्यांचं चित्र डोळ्यांपुढे होतं हे देवाला माहीतच असेल. काकूंनी डबा आनंदाने घेतला. एकेक अनारसा संपला, खाली पाणी होतं तेवढंच राहिलं. संक्रांतीला त्याच डब्यातून तिळाच्या वड्या आल्या. काकू दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला!" माझं डोकं भाजलं.

दुसरी पायरी साक्षीदारांची. नवरा आणि प्लंबर असे दोघे घेतले. प्लंबर आमच्या न्हाणीघरात उभा राहून ठामपणे म्हणाला, "शंभर टक्के वरचीच गळती." मग आम्ही वर गेलो. तिथे काकूंनी त्याला पाणी दिलं, तो टाइल्सवर बोटं वाजवून म्हणाला, "फोडल्याशिवाय सांगता येणार नाही." दोन मजल्यांमध्ये अठरा पायऱ्या आहेत, तेवढ्यात साक्ष फिरली. पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हा आरवला तसा कोंबडा आरवला नाही एवढंच.

मग मंडळी. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरते. सेक्रेटरींनी उपविधी उघडले आणि पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचतात त्या गांभीर्याने वाचून दाखवलं की गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाने, आतल्या न्हाणीघरांची ज्या त्या सभासदाच्या. मी म्हणाले, "आमेन. म्हणजे वरच्यांच्या." काका म्हणाले, "ठिबकतं त्यांच्याकडे. मग न्हाणीघर कुणाचं धरायचं?" यावर सभेत दोन तट पडले. तिसऱ्याने विचारलं की हा विषय निघालाच आहे तर पाहुण्यांच्या गाड्यांचं काय, आणि उरलेली सभा पाहुण्यांच्या गाड्यांवर झाली.

लूकच्या अठराव्या अध्यायात एक विधवा आहे. गावच्या न्यायाधीशाला ना देवाची भीती ना माणसाची पर्वा. ती रोज जाऊन त्याला छळते आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. तिच्या पावलावर पाऊल ठेवून मी सेक्रेटरींना रोज मेसेज करू लागले. त्या न्यायाधीशाकडे म्यूटची सोय नव्हती. त्या दिवसांत मी १०९ वं स्तोत्र वाचलं. त्यात दाविदाने आपल्या वैऱ्याविषयी मागितलं आहे की त्याचा हुद्दा दुसऱ्याला मिळो. सेक्रेटरीपदाची निवडणूक जवळ आली होती, म्हणून मी ती ओवी अधोरेखित केली. मग ५८ वं काढलं. तिथे तर देवाने दुष्टांचे दात पाडावेत अशी मागणी आहे. मी काकांच्या कवळीचा विचार करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"तेवढ्यावर थांबू नकोस. मत्तयाची रीत संपलेली नाही. सतरावी ओवी अर्धीच वाचलीस."

उरलेली अर्धी अशी: मंडळीचंही त्याने ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा होवो.

मला ती ओवी एकदम पसंत पडली. म्हणजे संबंध संपले, लिफ्टमध्ये मान फिरवायला शास्त्राधार मिळाला. शिवाय, आणि हे मी जुळवून सांगत नाही, काका खरोखरच जकातदार. पुणे महापालिकेची जकात २०१३ मध्ये बंद झाली, त्याच्या थोडं आधीपर्यंत त्यांनी नाक्यावर नोकरी केली. एखादं वचन इतकं शब्दशः आयुष्यात कुणाला लागू पडलं असेल?

"बरं," सासूबाई म्हणाल्या, "आता मला सांग, येशू जकातदारांशी कसा वागायचा?"

मी गप्प. कारण हे शब्बाथशाळेतल्या पोरालाही येतं. मत्तय स्वतःच जकातीच्या नाक्यावर बसलेला सापडला होता. हा नियम ज्याच्या शुभवर्तमानात आहे तोच जकातदार. प्रभूने त्याला बोलावलं, आणि मग घरी जकातदारांच्या पंगतीला बसला, परूश्यांची, म्हणजे कर्मठ धर्मपुढाऱ्यांची, कुजबुज होईपर्यंत. यरीहोचा जक्कय तर मुख्य जकातदार. बुटका, म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसलेला. त्याला प्रभूने आमंत्रणाचीही संधी दिली नाही. खाली उतर, म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.

"म्हणजे त्याला जकातदारासारखा मानायचा असेल तर..." मी म्हणाले.

"त्याच्याकडे जेवायला जायचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. "काकू, सलाम. आज आम्ही तिघं तुमच्याकडे जेवायला येतोय. नाही, नाही, काही विशेष करू नका."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. काकूंना मात्र कोणी हक्काने आल्याचा इतका आनंद झाला होता की त्यांनी पिठलं, ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा आणि वर गुळाचा सांजा केला होता. मुलं परदेशात, दोघांसाठी रोज काय करायचं, असं त्या तीनदा म्हणाल्या. काका नाक्यावरच्या गोष्टी सांगत सुटले. कांद्याच्या पोत्यांखाली काय काय निघायचं, रात्री पावसात ट्रकच्या रांगा कशा लागायच्या, ड्रायव्हर लोक काय काय शिव्या द्यायचे. "जेवायला बोलवायचं सोडाच," ते म्हणाले, "आम्हाला बघून हॉटेलवाला पण तोंड वाकडं करायचा." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

सांजा वाढताना सासूबाई सहज म्हणाल्या, "आमच्याकडे हल्ली आंघोळीला छत्री लागते." दाविदाने अशी एक ओळ लिहिली असती तर १५० स्तोत्रं लागली नसती. काका खाता खाता थांबले. खाली येऊन बघतो म्हणाले आणि हात धुऊन खरोखर आले. बादली बघितली, गीझर बघितला, नवऱ्याचं व्हाइट सिमेंट बघितलं. यातलं शेवटचं बघून त्यांना आमची दया आली असावी.

"फोडून घेऊ," ते म्हणाले. "माझ्याकडची फरशी काढू. अर्धा खर्च मी देतो, अर्धा तुम्ही द्या."

उपविधींप्रमाणे सगळाच त्यांनी द्यायला हवा होता, आणि ते पाठ असल्याने मी तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी कोपर मारलं. काका वर गेल्यावर मी विचारलं, "अर्धाच का म्हणून?"

"जक्कय काय म्हणाला होता? लूक एकोणीस, ओवी आठ."

"माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत करतो."

"मग? अर्ध्यापर्यंत तर आला ना! चौपटीचं पुढच्या जेवणाला बघू. आणि त्या पिठल्याला फोडणी कशाची होती, ते विचारलंस का काकूंना?"