बोटीच्या डिझेलला करपरतावा, मग ट्रॅक्टरच्या का नाही?

रत्नागिरीच्या रिफायनरीचा विषय निघाला की आमच्याकडे टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतं, "ती झाली असती तर पेट्रोल-डिझेल स्वस्त झालं असतं." नाणारचा प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला, पुढे त्याच राजापूर तालुक्यातल्या बारसूत २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. कोकणातल्या माणसांनी काय करावं हे शहाद्यात बसून मी सांगणार नाही, जमीन त्यांची आहे. पण स्वस्ताईचा मुद्दा चुकीचा आहे, आणि ते पटवून घ्यायला आपल्या नंदुरबार जिल्ह्यासारखी जागा नाही.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथला मोटारसायकलवाला टाकी भरायला उच्छल, सोनगडकडे जातो, कारण पलीकडे पेट्रोल लिटरमागे दहाएक रुपयांनी स्वस्त मिळत आलंय. आमच्या शहाद्याच्या दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातलं खेतिया. तिथे उलटा प्रकार, पेट्रोल आपल्यापेक्षा महाग. खेतियाला कापूस विकायला जाणारे आपले शेतकरी गाडीत पेट्रोल इकडूनच टाकून निघतात. एका तालुक्यातून निघालात की तासाभरात तीन भाव दिसतात. साक्रीकडचा एक ड्रायव्हर दादा मला म्हणाला होता, "भाऊ, देस एकच शे ना? मंग भाव येगयेगळा काबर?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून हे लिहितोय.

गुजरातेत जामनगर आहे, वाडीनार आहे, वडोदऱ्याजवळ कोयली आहे, तिन्ही ठिकाणी रिफायनऱ्या. म्हणून तिकडे स्वस्त, असं वाटणं साहजिक आहे. पण मग मध्य प्रदेशात बीना इथे रिफायनरी आहे, तरी तिथलं पेट्रोल देशातल्या महागांपैकी एक. मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या १९५४-५५ पासून चालू आहेत. दिल्लीत एकही नाही, तिचं तेल मथुरा-पानिपतहून येतं. तरी दिल्लीकर मुंबईकरापेक्षा स्वस्त पेट्रोल भरत आलाय. विशाखापट्टणमला रिफायनरी, आणि आंध्रातही पेट्रोल महाग.

रिफायनरी शेजारी असल्याने वाचतो तो फक्त वाहतुकीचा खर्च, आणि तो लिटरमागे थोडासाच असतो. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. रिफायनरीच्या दारातला डिझेलचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराशी बांधलेला असतो, मग ती रिफायनरी जामनगरला असो की राजापुरात. पंपावर पोहोचेपर्यंत जो फरक पडतो तो करांचा.

आपला रिफायनरी उद्योग कमी पडतोय असंही नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो. आसामातल्या दिग्बोईला १९०१ मध्ये सुरुवात झाली. आज देशाची शुद्धीकरणाची क्षमता वर्षाला २५ कोटी टनांच्या वर आहे, जगात चौथ्या नंबरची. जामनगर ही एका जागेवरची जगातली सगळ्यात मोठी रिफायनरी. आपण पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन परदेशात विकतो. २०२२ पर्यंत रशियाचं कच्चं तेल आपण नावापुरतं घ्यायचो, दीड-दोन वर्षांत ते आयातीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं आणि आपल्या इंजिनिअरांनी ते पचवून दाखवलं. वेगळ्या गुणाचं तेल घेऊन त्यातून दहा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधकाचं बीएस-६ डिझेल काढणं ही सोपी गोष्ट नाही. स्वयंपाकाचा गॅस सोडला तर, जो आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, इंधन तयार करण्यात देश कुठे मागे नाही.

आता कर. केंद्राचा अबकारी कर लिटरमागे ठरावीक रुपयांत असतो. मे २०२० मध्ये, जग बंद असताना आणि कच्चं तेल कोसळलेलं असताना, केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एका झटक्यात वाढवले. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने बरेचसे कमी केले, एप्रिल २०२५ मध्ये परत २ वाढवले. त्यावर राज्याचा व्हॅट, तो टक्केवारीत. केंद्राचा कर धरून जी किंमत होते तिच्यावर टक्केवारी, म्हणजे करावर कर. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के, असं गणित आपल्याकडे आधीपासून होतं, २०२४ च्या अर्थसंकल्पात ते मुंबई परिसरालाही लागू केलं.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लावला, कारण दिलं दुष्काळाचं. त्या साली दुष्काळ कुठे होता? मराठवाड्यात, आणि आपल्या खान्देशातही. ज्याची विहीर आटली, त्याने पेरणीसाठी ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकताना दुष्काळ निवारणाचा पैसा भरला. सरकारला पैसा लागतो, मान्य. पण तो ज्याच्यासाठी काढायचा त्याच्याच खिशातून काढणं मला पटलेलं नाही.

शेतीत डिझेल किती लागतं हे शहरातल्या मित्रांना कळत नाही, म्हणून सांगतो. नांगरटी, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणीचा ब्लोअर, मळणी, आणि मग माल बाहेर काढायला ट्रॉली. लोडशेडिंगमध्ये काही जण इंजिन लावून पाणी देतात. आमच्या पपईचा ट्रक दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेशात जातो, रावेर-यावलची केळी तशीच उत्तरेला जाते. व्यापारी भाव काढताना भाडं आधी वजा करतो. म्हणजे ट्रकच्या टाकीतलं डिझेलही शेवटी शेतकऱ्याच्याच नावे पडतं. एखादा कारखाना इतर कच्च्या मालावरच्या जीएसटीची वजावट घेतो, शेतकऱ्याला ती वाटच नाही. त्याने भरलेला कर तिथेच मेला.

जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून गेल्यास कडक शिक्षा देणाऱ्या नव्या हिट अँड रन कलमावरून ड्रायव्हर संपावर गेले, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर उभे राहिले. मुंबईहून पाइपलाइनने येणारं तेल तिथे साठतं आणि आपल्याकडच्या पंपांना टँकरने पोहोचतं. एक-दोन दिवसांत आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पंपांवर रांगा. ऐन पपईचा हंगाम होता. तोडलेला माल थांबत नाही. ड्रायव्हरांची भीती खरी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण टँकर थांबले की दोन दिवसांत खान्देश कोरडा पडतो हे त्या आठवड्यात दिसलं. जास्तीचा साठा इथे जवळ ठेवण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी तेल कंपन्यांकडे लावून धरायला हवी.

माझी मुख्य मागणी वेगळी आहे. आपल्याच राज्यात मच्छीमार बोटींच्या डिझेलवरचा व्हॅट सरकार परत करतं. सहकारी संस्थांमार्फत ही योजना कित्येक वर्षं चालू आहे. परतावा थकतो अशी कोळी बांधवांची तक्रार असते आणि ती रास्त आहे, तरी तत्त्व सरकारने मान्य केलंय: बोट रस्त्यावर चालत नाही, तिचं डिझेल उत्पादनासाठी आहे. मग शेतातल्या ट्रॅक्टरला हे तत्त्व का लागू नाही?

"कोण किती डिझेल वापरतो ते कसं मोजणार?" असं मला एका कृषी खात्यातल्या साहेबांनी विचारलं. मोजायची गरजच नाही. सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे, आता फार्मर आयडी आहे. कपाशीच्या, केळीच्या, मक्याच्या एकरी किती डिझेल लागतं हे कृषी विद्यापीठ ठरवून देऊ शकतं. तेवढ्या लिटरचा व्हॅट हंगामाच्या शेवटी खात्यावर जमा करा. ट्रॅक्टर स्वतःचा असो की भाड्याचा, खर्च शेताच्या मालकानेच केलेला असतो. अडचण एकच खरी आहे, बटाईने करणाऱ्याची. त्याच्या नावावर सातबारा नाही आणि बरेचदा डिझेलचा खर्च त्याचाच. त्यासाठी पीक पाहणीत बटाईदाराची नोंद घ्यावी लागेल, आणि जमीनमालक अशा नोंदीला घाबरतात हे मला माहीत आहे. यावर जाणकारांनी मार्ग सुचवावा.

डिझेल जीएसटीत आणणं हा पूर्ण इलाज. तरतूद घटनेत आहे, तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून बाजूला ठेवला गेला. राज्यांना उत्पन्न बुडण्याची भीती आहे, ती सहज जाणार नाही. तोवर शेतीपुरता परतावा राज्य स्वतःच्या अधिकारात देऊ शकतं, दिल्लीला विचारायचीही गरज नाही.

येत्या ग्रामसभेत आमच्या गावात हा ठराव मी मांडतोय. मसुदा मराठीत, एका पानाचा आहे. धुळे-जळगावच्या मित्रांनी आपापल्या गावासाठी मागितला तर लगेच पाठवतो, गावाचं नाव तेवढं बदलून घ्या.