लोणारचं यजमानपद

संभाजीनगरच्या माणसाचं बरं असतं. पाहुणा आला की त्याला वेरूळला नाहीतर अजिंठ्याला धाडायचं, संध्याकाळी हिमरूच्या दुकानात बसवायचं, विषय संपला. आम्ही पडलो जालन्याचे. 'जालना सोने का पालना' ही म्हण ऐकवली की पाहुणा विचारतो, पाळणा कुठंय? सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या बघायला पुण्याहून कुणी येत नाही. राजूरचा गणपती आणि अंबडची मत्स्योदरी उरकली, की चहाचा कप खाली ठेवता ठेवता पाहुणा तो प्रश्न टाकतोच, "लोणार इथून जवळच ना?"

जवळच. ऐंशी-नव्वद किलोमीटर. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण तिथं जाणाऱ्यांचा चहा-नाष्टा, गाडी आणि मुक्काम मराठवाड्याच्या गळ्यात. अनुशेषाचे इतके अहवाल आले, त्यात हा खर्च कुणीच धरलेला नाही.

या खेपेला बायकोची मावशी आणि तिचे यजमान. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे समोरचा माणूस चुकीचा आकडा सांगतोय हे त्यांना आधीच ठाऊक असतं. गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "लोणार म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. आम्हाला शाळेत असंच होतं."

"काका, ती उल्का पडलेली," मी म्हटलं.

"तू पाहिली?"

यावर काय बोलणार! गाडी चालवणारा गण्या आरशातून माझ्याकडे बघून हसला. मागे मावशी गुलाबी साडी नेसून बसल्या होत्या. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, त्याचे फोटो मोबाइलवर फिरले, आणि तेव्हापासून आमच्या कपाळी आणखी एक काम आलं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की त्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावतात, त्यांचा तो रंग, पुण्याच्याच आघारकर संस्थेने तपासून सांगितलं होतं. पण साडी आधीच इस्त्री होऊन आली होती.

लोणारची एक गंमत आहे. गावात शिराल तरी शेजारी एवढा मोठा खड्डा आहे याचा पत्ता लागत नाही. टपऱ्या, एसटी स्टँड, शेळ्या, सगळं इतर गावांसारखं. मग काठावर उभं राहिलं की जमीन एकदम संपते. जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या घरात खोल, उतारावर दाट झाडी आणि तळाशी पाणी. हिरवट.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "गुलाबी कधी करतात?"

आता खाली उतरणं. गोमुखाच्या धारेपासून पायवाट जाते. उतरताना सगळे तरुण असतात. काका तर पुढे. बाभळी, सीताफळं, मध्येच एखादं पडकं देऊळ, झाडावरून आमच्या धपाट्यांच्या पिशवीकडे एकटक बघणारी वानरं. पिशवी गण्याने शर्टाच्या आत घातली आणि गर्भार बाईसारखा सावकाश उतरला. तळाशी सडक्या अंड्याचा वास आला, तशी मावशींनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "गंधक! ज्वालामुखीचा पुरावा." तो काठच्या कुजणाऱ्या चिखलाचा वास असतो, पण तेवढ्यापुरता मला काकांचा बचाव करावासा वाटला.

कडेच्या राखाडी चिखलावर पांढरी पापडी धरलेली होती. काकांनी पाण्यात बोटं बुडवून चोळली. बोटं बुळबुळीत झाली, साबण लावल्यासारखी. सामू दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. पूर्वी इथून खार काढून विकत. त्यातल्या एका प्रकाराचं नावच पापडी. काकांनी हात झटकला, पँटला पुसला, आणि कमळजा देवीला नमस्कार करताना परत पुसला.

चढ लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली. दम लागला असं काका कबूल करणार नाहीत. ते थांबत आणि प्रश्न विचारत. उत्तर मला द्यावं लागे, आणि दम मलाही लागलेला होता.

"हे शोधलं कुणी?" पहिल्या वळणावर.

"अलेक्झांडर... इंग्रज अधिकारी... 1823."

"मग तोवर गावकरी काय करत होते?"

प्रश्न रास्त होता. 'ऐन-ए-अकबरी'तही या सरोवराचा उल्लेख आहे. पण एवढं बोलायला श्वास कुठला?

पुढच्या वळणावर काका दगडावर बसले. "उल्का कशावरून?"

"1973... काच सापडली... मॅस्केलिनाइट... प्रचंड दाबाने होते. ज्वालामुखीत तेवढा दाब..." माझं वाक्य तिथंच बसलं.

"पण दगड तर ज्वालामुखीचाच?" काका उठले नाहीत.

इथं मात्र मला मान डोलवावी लागली. सगळी दख्खनच लाव्हाची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि त्या काळ्या दगडावर वरून येऊन आदळलेली ही उल्का. काकांना अर्धे गुण मिळाले, आणि अर्ध्या गुणांवर माणूस किती चढतो ते त्या दिवशी कळलं. पुढची दोन वळणं त्यांनी प्रश्न न विचारता घेतली.

"वय किती याचं?" मावशींनी विचारलं.

"आधी 52 हजार वर्षं म्हणत. मग दुसऱ्या पद्धतीने मोजलं, तर पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास."

"वय वाढवून सांगणारं पहिलंच बघितलं," मावशी म्हणाल्या आणि पदराने घाम पुसला.

वर पोचल्यावर धारेखाली तोंडं धुतली, धपाटे बाहेर आले. दैत्यसूदनाचं देऊळ सुरेखच आहे, पण पाय बोलत असताना शिल्पं कोण बघतो? बाहेरच्या भिंतीवरच्या काही जोडप्यांपाशी काकांनी "चला, ऊन होतंय" म्हणून मावशींना पुढे घातलं आणि स्वतः चप्पल नीट करत मागे रेंगाळले.

तिथंच गण्याने तोंड उघडलं. "काका, ज्वालामुखी नाही अन् उल्काबी नाही. इथं लवणासुर ऱ्हायचा जमिनीखाली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं अन् त्याला मारला. लहानपणापासून ऐकू राहिलो."

काका विचारात पडले. इतका वेळ माझ्या 1823 ला आणि 1973 ला न बधलेला माणूस डोळे बारीक करून गण्याकडे बघू लागला.

"झाकण उडालं ते पडलं कुठं?"

"लांब पडलं म्हणतात. त्याची टेकडी झाली."

काकांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता तर तीन वाजताहेत. निघालोच आहोत, तर तेही बघून टाकू."

गण्याने डिझेलचा काटा बघितला आणि मग माझ्याकडे.