गादीवर पडा, गुण येईल

गुडघे दुखतायत? मग आधी पर्वती चढणं बंद करा. 103 पायऱ्या फुकट चढण्यात काय अर्थ आहे? फिजिओथेरपीच्या बाई मांडीचे व्यायाम सांगतात, पण ते मेले आपल्यालाच करावे लागतात. त्यापेक्षा रविवारी मंगल कार्यालयातल्या मोफत शिबिराला जा. पल्स्ड मॅग्नेटिक थेरपीची, म्हणजे थांबून थांबून चुंबकक्षेत्र सोडणारी गादी! वीस मिनिटं नुसतं पडायचं. पडून राहण्यासाठी पुणेकराकडून पैसे काढणं ही काही लहानसहान विद्या नव्हे.

टाय लावलेला तरुण गादीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं धरेल. त्यातला चिमुकला लाल दिवा बॅटरीशिवाय लुकलुकेल. मागच्या रांगेतून "अरे वा!" येईल. तुम्हीही म्हणा. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे तारेत वीज येते, हे फॅरेडेने 1831 सालीच दाखवलं आणि शाळेत आपण ते घोकलंही, हे तेव्हा आठवू देऊ नका. दिवा लागला म्हणजे गुडघा बरा होणारच.

मग तो म्हणेल, "काका, रक्तातलं लोह चुंबकाकडे धावतं." मान डोलवा. एमआरआयचं यंत्र 1.5 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकक्षेत्राची ताकद मोजायचं माप), आणि गादीच्या माहितीपत्रकावरचा आकडा मायक्रोटेस्लात, म्हणजे टेस्लाच्या दहा लाखाव्या भागात. रक्त खरंच धावत असतं, तर मागल्या वर्षी एमआरआय काढून तुम्ही घरी परतला असता का? हा हिशेब चेक फाडल्यावर करा.

"अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे," हे मात्र खरं. 1979 साली या थेरपीच्या यंत्रांना मिळाली, न जुळणाऱ्या मोडक्या हाडांसाठी. तेही रोज कित्येक तास, महिनोन्‌महिने. तुमचं हाड मोडलेलं नाही, ही तुमची वैयक्तिक अडचण. गुडघ्याच्या झिजेवरही चाचण्या झाल्यात, पण निकालांचा मेळ बसत नाही. तुलनेसाठी बंद यंत्राखाली ठेवलेल्यांपैकीही काहींना बरं वाटतं म्हणे. मग बटण दाबायचंच कशाला? वीजबिल तरी वाचेल.

(पेसमेकर असेल तर मात्र शिबिराच्या दारातूनच परत फिरा. हे चेष्टेत सांगत नाहीये.)

वॉरंटी एक वर्षाची मिळेल. गादीची, गुडघ्याची नव्हे.

आमची गादी चैत्रात गच्चीवर गेली. हिने वर प्लास्टिक अंथरून, बटण चालू ठेवून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. एरवी वाळायला दोन दिवस लागतात. यंदाही दोनच लागले.