टॉल्किनने नादब्रह्म चोरलं नाही

गणपती जवळ आले की आमच्या कुडाळकडच्या भजनी मंडळींत एक मजकूर हमखास फिरतो: ‘टॉल्किनच्या कथेत देव गातो आणि जग तयार होतं. हे त्याने आपल्या नादब्रह्मावरून चोरलं. वेदांत आधीच लिहिलंय.’ (टॉल्किन म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा इंग्रज लेखक.) लहानपणापासून पेटीवर बसणारा माणूस मी, नादब्रह्माचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच कळकळीने सांगतो, हा मजकूर पुढे पाठवू नका.

वेदांचं आधी. सृष्टीच्या आरंभावरचं सगळ्यांत गाजलेलं सूक्त म्हणजे नासदीय. त्यात गाणं नाहीच. हे सगळं कुठून झालं ते वरच्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे का, असा प्रश्न आहे. नादब्रह्माला वंदन करतो तो शार्ङ्गदेव, १३व्या शतकात, देवगिरीला, ‘संगीतरत्नाकर’ या संगीतावरच्या संस्कृत ग्रंथात. आपल्याच मातीतला हा माणूस, त्याचं नाव मात्र मजकुरात नाही.

चोरीचा पुरावाही नाही. टॉल्किन कॅथलिक होता, आणि बायबलात पृथ्वीचा पाया घातला जाताना पहाटेचे तारे गातात. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्याचं त्याला वेड होतं, त्यातला म्हातारा वैनामॉइनेन गाऊन होडी घडवतो.

आता मुख्य चूक. गाऊन जग उभं करणारा देव टॉल्किनचा नाहीच, तो सिंह ‘नार्निया’वाल्या सी. एस. लुईसचा, १९५५च्या पुस्तकातला. टॉल्किनचा देव ईलूवतार फक्त चाल सुचवतो, गातात आयनूर, म्हणजे त्याने घडवलेले देवदूतांसारखे जीव. त्यांतला मेल्कोर स्वतःचंच दामटतो आणि बेसूर माजतो. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकलेल्याला हे लगेच कळेल. रात्री दोनला समोरचा बुवा पट्टी चढवून अंगावर येतो, आणि आपला बुवा त्याचीच चाल उचलून आपल्या गजरात अशी बसवतो की मंडप उठतो. ईलूवतारची तिसरी चाल मेल्कोरच्या चढ्या सुरांना तशीच पोटात घेते. एवढं होऊनही जग होतं ते ईलूवतारच्या ‘एआ’, म्हणजे ‘होवो’, या शब्दाने, आणि आयनूर आत उतरतात तेव्हा सगळं अजून घडवायचंच असतं. गाणं हा नुसता आराखडा. राबायचं पुढेच.

मेल्कोरने उष्णता माजवली ती पाण्याचा घात करायला. तिच्यातून ढग झाले, पाऊस झाला. म्हणजे आपल्या कौलांवर कोसळतो तो पाऊस या कथेत बेसुराच्या पोटी आलेला. शार्ङ्गदेव नादब्रह्माला ‘अद्वितीय’ म्हणतो, तिथे दुसरा कुणी नाहीच. मग हा दुसरा गाणारा टॉल्किनने आपल्याकडून उचलला कुठून?