विंचवाचं बिऱ्हाड, तुमच्या पाठीवर

चार-पाच दिवस उष्णकटिबंधातल्या जंगलातून पायी जायचं ठरवलंत? मग आधी सॅक घ्या, आणि ती 80 लिटरचीच घ्या. निम्म्या आकारात भागतं असं सांगणारे भेटतील. ही माणसं दोन जोड कपड्यांवर जंगल उरकून येतात आणि परतल्यावर त्यांच्याकडे रडून सांगण्यासारखं काहीच नसतं. मोठ्या सॅकचा गुण असा की ती रिकामी बघवत नाही. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावं, असा एक ढोबळ नियम आहे. काट्यावर सॅक पाठीला लावूनच चढा, म्हणजे कोणाचं वजन किती हा वाद उरणार नाही.

कपडे सुती घ्या आणि खाली जीन्स. ओली जीन्स पाणी सोडत नाही, आणि रात्री जंगलातली आर्द्रता शेकडा नव्वदच्या वर जाते. दोरीवर वाळत घातलेला कपडा सकाळी आदल्या संध्याकाळइतकाच ओला मिळतो, कधी जास्तच. पातळ सिंथेटिक विजार चालता चालता अंगावर बरीच वाळते, पण तिच्यात फोटो बरा येत नाही.

रेनकोट मात्र ‘श्वास घेणारा’ हवा, दुकानातला सगळ्यात महाग. हे कापड अंगाची वाफ बाहेर सोडतं, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असते. जंगलात बाहेरची हवा तुमच्या बगलेइतकीच दमट असते, त्यामुळे कोट श्वास रोखून बसतो. पाऊस आत येत नाही, घाम बाहेर जात नाही, आणि तुम्ही स्वतःच्याच रसात शिजता. सॅकलाही वरून चकचकीत रेनकव्हर घाला. पाणी पाठीकडून आत शिरतं, त्याला कव्हर काय करणार? उलट ओढा ओलांडताना त्याची छान बादली होते. सॅकच्या आत एक साधी जाड प्लास्टिकची पिशवी लावली तर सगळं कोरडं राहतं, पण आतली पिशवी कोणाला दिसते?

आता मुद्द्याचं. जंगलात मुरलेली माणसं एक व्रत पाळतात. एक जोड दिवसाचा, तो कायम ओला. एक जोड रात्रीचा, तो कायम कोरडा, आणि त्याची पिशवी तोंडाला पीळ देऊन बांधलेली. मुक्कामाला पोचलं की ओलं उतरवायचं, पाय पुसून पावडर लावायची आणि कोरड्यात शिरायचं. इथवर कोणालाही पटतं. व्रत मोडतं ते सकाळी. उबेतून उठायचं, अंगावरचे कोरडे कपडे काढून पुन्हा पिशवीत बांधायचे आणि कालचे ते गार, चिकट, आंबूस वासाचे कपडे आपल्या हाताने अंगावर चढवायचे. मोज्यांसकट.

तुम्ही असलं काही करू नका. कोरडा शर्ट हाताशी असताना ओला घालायला आपण काय गुन्हा केलाय? सकाळी कोरडाच घाला आणि दिमाखात निघा. थोड्या वेळात ओढा येईल. ओढा नाही आला तर पाऊस येईल, पाऊस नाही आला तर घाम आहेच घरचा. दुसऱ्या दिवशी न्याहारी जिरायच्या आत दोन्ही जोड ओले, आणि पुढच्या सगळ्या रात्री ओल्यात. दिवसभर भिजलेले पाय रात्री कोरडे राहिले तर सावरतात. तेवढीही उसंत नाही मिळाली की तळव्याची कातडी पांढरी पडते, सुरकुतते आणि सोलायला लागते. याचेही फोटो काढून ठेवा.

बूट अर्थातच कोरे, आणि वॉटरप्रूफ. गुडघाभर पाण्यात वॉटरप्रूफ बूट वरून भरतो आणि मग ते पाणी इमानदारीने आतच सांभाळतो. बोर्निओत ओझेवाले आणि वाटाडे साधे रबरी बूट घालून तुमच्या पुढे निघून जातात. त्यांच्याकडे बघू नका, मन खचतं.

जळवांसाठी मीठ आणि लायटर ठेवा. नखाने तिचं तोंड हळूच बाजूला सरकवलं की ती मुकाट सुटते, पण त्यात पराक्रम कसला? चटका बसला की ती पोटातलं काहीबाही जखमेत ओकू शकते, आणि जखम चिघळली तरच लोक विचारपूस करतात. रक्त गोठू न देणारं हिरुडिन ती आधीच सोडून गेलेली असते, तेव्हा ओघळ बराच वेळ चालू राहील. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे मिळतात. ते घातलेत तर हा सगळा सोहळा हुकेल. डासांसाठी डीट हवंच. ते प्लास्टिक विरघळवतं, हे घड्याळाला हात लावण्याआधी आठवू नका. (माझ्या घड्याळाच्या काचेवर माझाच अंगठा कायमचा उमटला आहे. ओळखपत्रासारखा उपयोग होतो.)

सोलर चार्जर सॅकवर बांधा. घनदाट जंगलात जमिनीपर्यंत शेकडा एक-दोन भाग ऊन पोचतं, तेवढ्यात चार्जर निदान शोभून दिसतो. झोपायला पिसांची स्लीपिंग बॅग घ्या. पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब संपते, पण उशाला चालतो.

खाण्याची चिंता नको. थोरांचा आदर्श आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1914 साली ब्राझीलमध्ये, तोवर नकाशात नसलेल्या एका नदीवर उतरले. त्यांच्या खोक्यांत मोहरीची चटणी आणि ऑलिव्हचं तेलसुद्धा निघालं म्हणतात. नदीपर्यंतच्या वाटेतच बैलांनी ओझी पाडायला सुरुवात केली होती. घोडं मेलं ओझ्यानं, त्यातलाच प्रकार. पुढे अन्न आटलं, पायाची जखम चिघळली, ताप चढला आणि मला इथेच सोडून जा म्हणण्यापर्यंत पाळी आली. नदीला मात्र त्यांचं नाव मिळालं. तुमच्या मोहरीच्या चटणीला एखादा ओहोळ तरी मिळायला हरकत नाही.

शेवटी हेडटॉर्च. तो सगळ्यात आधी भरा, म्हणजे तळाशी जाईल. बॅटरी आतच राहू द्या, बटण लॉक करायच्या भानगडीत पडू नका. विषुववृत्ताजवळ बाराही महिने साधारण सहाला सूर्य मावळतो आणि झाडांखाली त्याच्याही आधी अंधारतं, तेव्हा सामान उपसायला रात्र मोठी असते. वाटाड्या कोरडा शर्ट घालून झोळीत घोरत असेल. तुम्ही चिखलात गुडघे टेकून एकेक ओली वस्तू बाहेर काढा. तळाशी हात जाईल तेव्हा टॉर्च सापडेल. कोमटसा लागेल हाताला. सकाळपासून आत चालूच होता.