कव्हरांची रात्र

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी "अरे, किती दिवसांत आला नाहीस, ये की जेवायलाच" असं म्हणालं, तर त्या घरात पुस्तकांना कव्हरं घालायची राहिलीत एवढं खुशाल समजावं. मी अशा आमंत्रणाला जाताना स्वतःची कात्री घेऊन जातो. लोकांच्या घरातली कात्री दुधाच्या पिशव्या कापून चिकट झालेली असते आणि ती खाकी कागद कापत नाही, चघळते.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे तिकडे ही रात्र उशिरा येते. चुकत मात्र नाही.

आधी ढीग मोजावा. पाठ्यपुस्तकं, वर्गपाठाच्या वह्या, गृहपाठाच्या वह्या, निबंधाची, शुद्धलेखनाची, चित्रकलेची. पाचवीच्या पोराला परिसर अभ्यासच दोन भागांत असतो. घरात दोन मुलं असली की आकडा चाळीसच्या घरात जातो. सराईत हाताला एका कव्हराला सहा मिनिटं लागतात. म्हणजे चार तास. रात्री साडेनऊला जेवणं आटोपून बसलं तर दीड वाजतो, आणि यात चिकटपट्टीचं टोक शोधण्याचा वेळ धरलेला नाही. (प्रत्येक तुकडा कापला की टोकाखाली काडेपेटीतली काडी अडकवून ठेवावी. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही.)

कागदाचा हिशोबही आधीच करावा. नेहमीची छोटी वही साधारण 18 बाय 24 सेंटिमीटर. उघडी धरली तर 36, पाठीचा एक, दोन्ही बाजूंना आत दुमडायला पाच-पाच, झाले 47. उंचीला वर-खाली तीन-तीन धरून 30. रोल 50 सेंटिमीटर रुंद असला तर प्रत्येक वहीला 30 सेंटिमीटर लांबी जाते, म्हणजे पाच मीटरच्या रोलात सोळा वह्या. कागदावर. प्रत्यक्षात तेरा होतात, कारण घरातले बाबा "अंदाजानं" कापतात, आणि तो अंदाज डावीकडून सुरू होऊन उजवीकडे चार बोटं खाली उतरतो.

रोलचा कागद रोल व्हायलाच जन्माला आलेला असतो. सोडला की गुंडाळतो. चारही कोपऱ्यांवर वाटी, मोबाईल, उदबत्तीचं घर असं काही ठेवून उपयोग नाही. तुकडे आदल्या रात्रीच कापून गादीखाली घालावेत. आदल्या रात्री रोल आणलेलाच नसतो, हा भाग वेगळा. मग तो उलट्या बाजूनं घट्ट गुंडाळून दहा मिनिटं धरून ठेवायचा. हे काम घरातल्या लहानात लहान माणसाला द्यावं. त्याला महत्त्व वाटतं आणि त्याचे दोन्ही हात गुंततात.

खाकी कागदाची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरबरीत. गुळगुळीत बाहेर. पाऊस आणि डब्यातल्या भाजीचं तेल तिथे जरा उशिरा मुरतं.

आता मुख्य गोष्ट. महाराष्ट्रातल्या निम्म्या दप्तरांत अशी पुस्तकं असतात जी मिटत नाहीत. टेबलावर ठेवली की तोंड वासून पडतात. त्याचं कारण एकच: कव्हर घालताना पुस्तक उघडं ठेवून दोन्ही बाजू ताणून दुमडल्या. पुस्तक मिटलं की कागदाला पाठीवरून वळसा घालून जावं लागतं, आणि त्या वळशाला जास्तीचा कागद लागतो. तो तुम्ही दिलेलाच नसतो. मग एकतर पुस्तक उघडंच राहतं, नाहीतर पाठीवर टर्रकन फाटतं. म्हणून शेवटची घडी नेहमी पुस्तक मिटून, कागद पाठीवरून फिरवून, बोटानं खूण करून मगच घालावी. वर सुताराच्या भाषेत एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, ढील सोडावी.

मी पाकीट पद्धतीचा माणूस आहे. कागदाची वरची आणि खालची कड आधीच पूर्ण लांबीभर आत दुमडायची, उंची वहीपेक्षा एक सूत जास्त राहील अशी. मग बाजूच्या घड्या आत घातल्या की दोन्हीकडे खिसे तयार होतात आणि वहीचे पुठ्ठे त्यात सरकतात. चिकटपट्टी नाही, स्टेपलर नाही, पाठीला वर-खाली चिरा देऊन ती जीभ आत कोंबण्याची शस्त्रक्रिया नाही. ज्यांना खळ लावायची हौस आहे त्यांनी लावावी. कणकेवर झुरळं आणि कसर दोन्ही जगतात, श्रावणापर्यंत इतिहासाचं पुस्तक खाऊन होतं. स्टेपलरवाल्यांना एवढंच सांगणं की पिनेची टोकं ज्या बाजूला येतात त्याच बाजूला मुलाचं बोट असतं.

"मामा, बाईंनी वरून प्लॅस्टिकपण सांगितलंय."

हे वाक्य बावीस कव्हरं झाल्यावर येतं. त्याआधी कधीच नाही. प्लॅस्टिक घालायचं असेल तर नावाचं लेबल आधी खाकीवर चिकटवायचं आणि मग प्लॅस्टिक. वरून लावलेलं लेबल पहिल्या पावसात वर्गाच्या फरशीवर सापडतं. लेबल लिहून मग चिकटवावं, चिकटवून लिहू नये. बॉलपेननं लिहावं, जेलपेनची शाई ओल लागली की पळते. आणि तुकडी व हजेरी क्रमांक पेन्सिलीनं. शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी हजेरीची नवी यादी लागते आणि सतरा नंबरचं पोर एकवीस होतं. 'अ' तुकडीचा 'ब' करणं तर अक्षरांच्या वळणामुळेच अशक्य आहे.

वह्यांचं एक दुकानी गणित असतं. "दोनशे पानी द्या" म्हटलं की मिळते, पण मागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा 172 छापलेलं असतं. त्यातही पान म्हणजे एक बाजू. शिवाय दुरेघी मागितली की चौरेघी येते, ती इंग्रजीची. बदलायला जाणारा माणूस पुण्यात अप्पा बळवंत चौकात गाडी कुठे लावायची या प्रश्नात संध्याकाळ घालवतो आणि शेवटी मुलाला सांगतो, "चालतं रे, दोन रेघा सोडून लिही."

2023-24 साली बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांमागे वहीसारखी कोरी पानं घातली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. शाळांनी वह्या तरीही मागितल्या. 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला. दोन्ही वेळा कव्हर घालणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

ओझ्याचा नियम आहे: दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. तीस किलोच्या पोराला तीन किलो. रिकामं दप्तरच 700 ग्रॅम, भरलेली पाण्याची बाटली 900, पोळी-भाजीचा डबा 400, कंपास 200. उरले 800. दोनशे पानी वही पाव किलोची. म्हणजे तीन वह्या, आणि पुस्तक एकही नाही. नियम पाळायचा तर मुलानं पाणी पिऊ नये किंवा गणित शिकू नये.

गणवेशाबद्दल आजीचं एकच धोरण असतं, "वाढत्या अंगाचा घे." तिचं बरोबर आहे, फक्त मुडप दोन-अडीच इंचच ठेवायला सांगावी; त्याहून जास्त असली की पँट खाली चिखल गोळा करत चालते. वर्षानं उसवली की जुन्या घडीची गडद रेघ उरते, ती कुठल्याही साबणानं जात नाही. बुटांत अंगठ्यापुढे एक बोट जागा पुरे. ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबून रात्रभर ठेवावेत, कागद एकदा बदलावा, तव्यावर किंवा गॅसजवळ अजिबात नाही, तळ सुटतो. रेनकोट दप्तरासकट बसणारा घ्यावा. पोर उंटासारखं दिसतं, पण वह्या कोरड्या राहतात.

आणि मग, पावणेदोन वाजता, सगळं आवरून, चहाचे कप उचलताना, सोफ्यामागून एक वही निघते. सुविचारांची. रोल संपलेला. उरलेल्या दोन पट्ट्या जोडता येतात. जोड मागच्या पुठ्ठ्यावर घ्यावा, पाठीवर कधीच नाही. पट्ट्याही नसतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरची जानेवारी ते मे अशी पाच पानं जूनमध्ये रिकामटेकडीच असतात. आडवं पान छोट्या वहीला जेमतेम पुरतं, छापील बाजू आत. मागची बाजू कोरी नसेल तर काय बाहेर येईल ते मात्र बघून घ्यावं. नाहीतर सुविचारांच्या वहीवर वर्षभर "दूध 2 लि., 14 ला नाही, गॅस बुक केला" एवढंच राहतं.