हिरो ‘हो’ म्हणाला, मग पैसे अडले कुठे?

‘जॉन विक’ या 2014 च्या अमेरिकन ॲक्शन सिनेमाच्या पैशांची गोष्ट सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, त्यामुळे साहेब म्हणावं की बाई ते कळेना. नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं पहिलं म्हणणं असं की हिरो किआनू रीव्हजनं होकार दिला तिथेच पैशाचा प्रश्न मिटला. पुढचे करार, बँका, विमा हे मी लावलेलं पाल्हाळ. दुसरं, कुत्रा मेला म्हणून अर्धं शहर आडवं करणाऱ्या सिनेमाला ‘पटकथा’ होती म्हणणं हाच विनोद. तिसरं, पडद्यावर दिग्दर्शक म्हणून एकाचं नाव असताना मी दोघांची लिहिली. आणि चौथं, मराठीत असा सिनेमा पैशाअभावी होत नाही, एवढं एक वाक्य सोडून मी सगळं लिहिलं.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. चॅड स्टाहेल्स्की आणि डेव्हिड लीच या दोघांनी मिळून तो सिनेमा केला हे खरं. पण अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा, म्हणजे गिल्डचा, नियम ‘एक सिनेमा, एक दिग्दर्शक’ असा आहे, आणि जोडीला सूट सहजासहजी मिळत नाही. म्हणून स्टाहेल्स्की दिग्दर्शक आणि लीच निर्माता अशी नावं लागली. काम दोघांचं, पाटी एकाची. मी ‘दोघांची नावं झळकली’ असं लिहिलं होतं, ते चुकलं.

आता पहिला मुद्दा. त्यावर मात्र मी हटणार नाही.

हिरो हो म्हणाला की पैसा येतो, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. मी काही वर्षं मुंबईत एका छोट्या युनिटच्या हिशेबाच्या टेबलावर बसलोय. तिथे रोज कुणीतरी येऊन सांगायचं, ‘हिरो फायनल आहे, आता फक्त पैसे उभे करायचेत.’ त्या ‘फक्त’मध्ये दीड-दोन वर्षं जायची. हिरोचा होकार म्हणजे नोटा नव्हेत. त्या होकारामुळे सिनेमाला एक भावपत्रक मिळतं, इतकंच. जर्मनीत या नावाला किती, जपानमध्ये किती, तुर्कस्तानात किती. आणि 2013 साली रीव्हजचा भाव काही चढा नव्हता. तेव्हा तो 49 वर्षांचा होता आणि त्याच्या गाजलेल्या ‘मेट्रिक्स’ला चौदा वर्षं उलटून गेली होती.

पुढे काय होतं? स्टुडिओबाहेर बनणाऱ्या सिनेमाचा विक्री-एजंट बर्लिन, कान किंवा अमेरिकन फिल्म मार्केट अशा सिनेमाच्या हक्कांच्या बाजारांत टेबल लावून बसतो. हातात पोस्टर, गोष्टीचा सारांश आणि हिरोचं नाव. सिनेमा अजून व्हायचाय. समोरचा वितरक म्हणतो, माझ्या देशाचे हक्क मला द्या, प्रिंट हातात आली की इतके पैसे देतो. आत्ता थोडी उचल, बाकीचे माल पोचल्यावर. कोकणात मोहोर बघून बाग व्यापाऱ्याला देतात ना, अगदी तसं. आंबा अजून दिसत नाही, पण सौदा झालाय. फरक एवढाच की निर्मात्याला बाग लावायलाच पैसे हवेत आणि व्यापारी मात्र पेटी हातात पडल्यावर देणार.

म्हणून तो करार घेऊन निर्माता बँकेत जातो. बँक वितरकाची पत बघते, कराराच्या रकमेत काटछाट करते आणि उरलेल्यावर कर्ज देते. पण सिनेमा पुराच झाला नाही तर? त्यासाठी बँकेला हमी लागते. सिनेमा ठरल्या दिवशी आणि ठरल्या खर्चात पूर्ण होईल अशी लेखी जबाबदारी घेणाऱ्या कंपन्या आहेत, तो हमीपत्राचा वेगळाच धंदा. त्या फी घेतात, बजेटमध्ये साधारण दहा टक्के ‘आयत्या वेळच्या खर्चाला’ बाजूला काढून ठेवायला लावतात, आणि फारच गडबड झाली तर सिनेमा ताब्यातही घेऊ शकतात. पहिल्यांदाच दिग्दर्शन करणारा माणूस आणि रोज मारामारी, हे दोन्ही एका कागदावर दिसलं की या मंडळींच्या कपाळाला आठी पडणारच.

तुमच्या ‘पाल्हाळा’चा खरा गाभा इथे आहे. हमी देणारी कंपनी सही करते ती बजेटचा शेवटचा डॉलर कुठून येणार हे कागदावर दिसल्यावर. ती सही होत नाही तोवर बँक कर्ज सोडत नाही. म्हणजे दोन कोटींच्या सिनेमात साठ लाख कमी पडले, तर ‘चला, एक कोटी चाळीस लाखांचा सिनेमा करू’ असं होत नाही. साठ लाख नसले तर उरलेले एक कोटी चाळीसही हातात येत नाहीत. इकडे तोवर सेट उभे राहिलेले असतात, जागांची भाडी भरलेली असतात, माणसं कामाला लागलेली असतात, आणि तो सगळा खर्च कुणाच्या तरी खिशातून चाललेला असतो.

‘जॉन विक’ला नेमकं तेवढंच भोक पडलं होतं, सुमारे 60 लाख डॉलरचं. चित्रीकरणाला आठवडाही उरला नव्हता. तुमचा हिरो तेव्हा सेटवर यायला तयार होता. महिनोन्महिने ज्यूडो, जिउजित्सू आणि बंदुकांचा सराव करून अंगाला वळ पडलेला. तो ‘हो’ कधीच म्हणून बसला होता. तरीही सिनेमा बंद पडायच्या बेतात होता. कलाकारांची कामं बघणाऱ्या एका एजन्सीमार्फत ही गोष्ट अभिनेत्री ईव्हा लाँगोरियापर्यंत गेली आणि तिनं पैसे घातले. तिची त्यात भूमिका नव्हती. निर्मात्यांच्या यादीत तिचं नाव आजही आहे, आणि स्टाहेल्स्कींनी हा किस्सा बऱ्याच वर्षांनी उघडपणे सांगितला. मी तिला देवी केलंय असं तुम्ही लिहिलंत. देवी नाही हो. तिचा पैसा कागदावर ‘शेवटचा’ होता आणि शेवटच्या पैशाला पहिल्या पैशाहून जास्त किंमत असते, एवढंच म्हणायचं होतं.

पटकथेकडे येतो. डेरेक कोलस्टॅडनं लिहिली तेव्हा तिचं नाव ‘स्कॉर्न’ होतं आणि नायक चांगला म्हातारा होता. ती घेतली बॅसिल इवानिकच्या थंडर रोड या निर्मितीसंस्थेनं. नाव बदललं त्याचं कारण मोठं गमतीचं आहे: रीव्हज जिथे जाईल तिथे ‘मी जॉन विक नावाचा सिनेमा करतोय’ असं सांगत सुटला. मार्केटिंगवाल्यांच्या लक्षात आलं की ही फुकटची जाहिरात आहे, आता दुसरं नाव कशाला! (जॉन विक हे कोलस्टॅडच्या आजोबांचं नाव. आजोबांनी काही कुणाला मारलं नव्हतं.)

कुत्र्याची थट्टा करा, माझी हरकत नाही. मीही थेटरात हसलो होतो. पण पटकथेतली सोन्याची नाणी आठवा. प्रेतं उचलून फरशी पुसून देणारा माणूस नाणी घेतो. मारेकऱ्यांच्या हॉटेलात खोली नाण्यावर मिळते, आणि त्या हॉटेलात कुणी कुणाला मारायचं नाही असा नियम आहे. एवढ्यावर प्रेक्षक समजून जातो की या शहराखाली दुसरं शहर आहे. ते दुसरं शहर बांधून दाखवायचं म्हटलं असतं तर बजेट तिप्पट झालं असतं. इथे खालच्या मॅनहॅटनमधली एक जुनी त्रिकोणी इमारत बाहेरून दाखवली, चार नाणी पाडून घेतली, झालं. माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी स्पेशल इफेक्ट म्हणजे ते नाणं. हे पटकथेतून येतं, कॅमेऱ्यातून नाही.

मारामारीचंही तसंच. तुम्ही लिहिलंत, ‘स्टंटवाल्यांना दिग्दर्शन दिलं कारण ते स्वस्तात मिळाले.’ स्वस्तात मिळाले असतील, पण त्यांना का घेतलं हे समजायला एका दिवसाचा हिशेब बघा. आमच्या युनिटवर एकदा काचेच्या दारातून नायकाला ढकलायचा सीन होता. स्टंटची काच वेगळी असते, ती फुटते पण कापत नाही, आणि ती महाग. बजेटमध्ये काचा दोनच. पहिल्या टेकला नायकाचा डमी मुलगा दारापर्यंत पोचायच्या आत कॅमेऱ्यामागून कुणाचा तरी फोन वाजला आणि फाइट मास्टर ‘कट’ ओरडले, पण तो मुलगा निघाला होता, थांबणार कसा? काच गेली. दुसऱ्या काचेला दिग्दर्शकाला घाम फुटला. तीन कॅमेरे लावले, काच फुटली, पण मुलाचा चेहरा एका कॅमेऱ्यात स्वच्छ दिसला. मग संपादनात तो सीन सात तुकड्यांत कापला: पाय, काच, डोळा, काच, हात. प्रेक्षकाला वाटलं ही स्टाइल आहे. मी व्हाउचर फाइल करत होतो, मला माहीत होतं ती तिसरी काच नसल्याची खूण आहे.

ॲक्शन सिनेमातली बरीचशी ‘स्टाइल’ अशी न परवडलेल्या गोष्टींतून येते. स्टाहेल्स्की आणि लीच यांनी तीच गोष्ट उलटी फिरवली. स्टाहेल्स्की ‘मेट्रिक्स’मध्ये रीव्हजचा स्टंट डबल होता; हा माणूस काय करू शकतो आणि गुडघा कुठे बोलतो, हे त्याला ठाऊक होतं. रीव्हजनं त्यांना पटकथा दिली ती मारामाऱ्या बसवण्यासाठी. त्यांनी दिग्दर्शनच मागितलं. त्यांची स्वतःची ॲक्शनची कंपनी होती, स्वतःची स्टंट करणारी पोरं होती, मारामारी आधी व्यायामशाळेत करून व्हिडिओवर उतरवायची त्यांची पद्धत होती. सेटवर येण्याआधी सीन पाठ. नटाचा सरावाचा दिवस सेटवरच्या दिवसापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, कारण सरावाला दिवे, जनरेटर आणि दोनशे माणसांचं जेवण लागत नाही. म्हणून त्या सिनेमात कॅमेरा मागे सरकून उभा राहतो आणि नट पूर्ण दिसतो. सात तुकडे करायची वेळच येत नाही. डमीचा चेहरा दिसेल ही भीती नाही, कारण चेहरा हिरोचाच आहे.

एवढं करून सिनेमा झाला, आणि अमेरिकेत वितरक नव्हता. हे तुमच्या ‘होकार आला की मिटलं’ला माझं शेवटचं उत्तर. ज्या देशात तो बनला तिथलेच खरेदीदार बघून गेले आणि गप्प राहिले. 2014 च्या ऑगस्टमध्ये लायन्सगेट या वितरण कंपनीच्या समिट लेबलनं तो घेतला, 24 ऑक्टोबरला लागला. बजेट दोन ते तीन कोटी डॉलरच्या मध्ये सांगतात, जगभरची तिकीटविक्री सुमारे 8 कोटी 60 लाख. ऐकायला तिप्पट-चौपट वाटतं. पण त्यातला साधारण निम्मा थेटरवाल्यांचा, मग वितरकाची जाहिरात, आणि ज्या देशांचे हक्क मोहोरावर विकलेले असतात तिथे आंबा कितीही लागो, मोठा वाटा व्यापाऱ्याचा. खऱ्या कमाईची संधी पुढच्या भागांत होती.

आता मराठी. ‘पैशाअभावी होत नाही’ हे तुमचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. मोहोरावर बाग देणं आपल्या धंद्याला नवं नाही. हिंदी निर्माते कित्येक दशकं ‘निजाम’, ‘सीपी-बेरार’, ‘दिल्ली-यूपी’ अशा सर्किटना, म्हणजे वितरणाच्या विभागांना, एमजीवर (किमान रकमेच्या हमीवर) सिनेमा विकत आले. निजाम गेला, संस्थान गेलं, सर्किटचं नाव अजून आहे. मराठी निर्मात्याकडे विकायला मुख्यतः एकच बाग आहे, महाराष्ट्र. जर्मनीचा वितरक मराठी हिरोच्या नावावर चिठ्ठी लिहून देत नाही, म्हणून बँकेत ठेवायला चिठ्ठीच नसते.

दुसरी गोष्ट जास्त सतावते. त्या काळात न्यूयॉर्क राज्य पात्र खर्चाच्या 30 टक्के करसवलत देत होतं. ती मिळायची सिनेमा झाल्यावरच, पण गणित कायद्यात लिहिलेलं: इतका खर्च, इतकी पावती, इतकी सवलत. त्यामुळे तिच्यावर आधीच कर्ज मिळू शकतं. आपलं राज्य सरकारचं अनुदानही सिनेमा झाल्यावरच मिळतं, पण ते समितीनं दिलेल्या दर्जावर ठरतं. आपला सिनेमा ‘अ’ दर्जाचा ठरेल की ‘ब’, हे कुठला बँक मॅनेजर आज लिहून देईल? पैसा आहे, पण शूटिंगच्या आधी तो कुणाला दिसत नाही. काच मात्र शूटिंगच्या आधी विकत घ्यावी लागते.

मूळ लेखातली दिग्दर्शकांची ओळ दुरुस्त केली आहे. चूक दाखवणाऱ्याचं नाव खाली द्यायची माझी पद्धत आहे. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून तिथे ‘एक वाचक’ एवढंच टाकलंय. कळवलंत तर बदलतो.